कॅनडाचा कायदा, १०२ मिमी बॅरल, एअरगन आणि दोन पुंगळ्या: असाइनमेंटचा रिपोर्ट कसा लिहू?

मधुरा_गंगापूररोड

नमस्कार सगळ्यांना. मी नाशिकला एमएस्सी फॉरेन्सिक सायन्स करतेय, शेवटचं वर्ष, स्पेशल विषय बॅलिस्टिक्स. आमच्या मॅडमनी यावेळी असाइनमेंटला काल्पनिक केस दिलीये आणि ती मुद्दाम कॅनडातली, ओंटारिओमधली दिलीये, कारण आपल्याकडच्या केसेसची उत्तरं सीनियर्सच्या फायलींत तयार मिळतात असं त्यांचं म्हणणं.

केस अशी आहे की गाडीच्या डिकीत पोलिसांना एक ९ एमएम सेमी ऑटो पिस्तूल मिळालं, बॅरल १०२ मिमी, मॅगझिन लावलेलं आणि त्यात काडतुसं आहेत, शिवाय एक .१७७ ची एअरगन जी क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, सेकंदाला ४२० फूट दाखवते, आणि आदल्या रात्री जवळच्याच एका पार्किंगमध्ये गोळीबार झालेला तिथे ९ एमएमच्या दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्यात. आपण लॅबमधले एक्झामिनर, रिपोर्ट आपण द्यायचा.

माझा गोंधळ कुठे होतोय ते सांगते. एक तर एअरगनसाठी मला तीन वेगवेगळे आकडे सापडलेत, २१४ फूट, ५०० फूट आणि ५.७ ज्यूल, यातला नेमका कुठला लावायचा तेच कळत नाहीये. दुसरं म्हणजे बॅरलच्या लांबीवरून पिस्तुलाचा वर्ग बदलतो म्हणतात, पण मग लांबी मोजायची कुठून कुठपर्यंत? आणि पुंगळ्या जुळल्या तर "याच पिस्तुलातून झाडल्या" असं सरळ लिहायचं का, कारण माझ्या ग्रुपमधला एक जण म्हणतो १०० टक्के लिही आणि दुसरा म्हणतो टक्केवारी अजिबात लिहू नकोस. कुणाला माहिती असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

बेंचवाले_काका

मधुराताई, प्रश्न नीट मांडलाय म्हणून नीट उत्तर देतो. मी रिटायर झालोय, पण नोकरी सगळी याच टेबलावर गेली, कंपॅरिझन मायक्रोस्कोपच्या समोर. कॅनडाचा कायदा इथे कुणीतरी माझ्यापेक्षा चांगला सांगेल, मी मोजमाप आणि मॅचिंगचं बोलतो.

बॅरल आधी घेऊ. कॅनडाच्या क्रिमिनल कोडच्या कलम ८४ मध्येच लांबी कशी मोजायची ते लिहून ठेवलंय, आणि ते वाचल्याशिवाय कॅलिपर हातात घेऊ नये. रिव्हॉल्व्हर असेल तर नळीच्या तोंडापासून सिलिंडरच्या अगदी पुढच्या टोकापर्यंत, म्हणजे सिलिंडर धरायचा नाही. बाकी सगळ्या शस्त्रांत तोंडापासून चेंबरसकट (झाडताना काडतूस बसतं ती जागा), म्हणजे ब्रीच फेसपर्यंत, काडतुसाचा बुडखा ज्यावर टेकतो त्या मागच्या सपाट भागापर्यंत. आणि तोंडाला आटे पाडून फ्लॅश सप्रेसर (झाडतानाचा भडका कमी करणारा जोड) किंवा तत्सम काही बसवलेलं असेल तर ते लांबीत धरायचं नाही. आता प्रत्यक्षात कसं करतात तर आधी मॅगझिन काढायचं, चेंबर डोळ्याने आणि बोटाने रिकामं आहे याची खात्री करायची, स्लाइड पूर्ण पुढे जाऊ द्यायची, मग नळीच्या तोंडातून पितळेची किंवा लाकडाची सरळ काडी आत सारायची ती ब्रीच फेसला टेकेपर्यंत, तोंडाच्या कडेला बरोबर लागून काडीवर खूण करायची, बाहेर काढून कॅलिपरने मोजायची. स्टीलची काडी नको, आत ओरखडा उठला तर पुढे लॅबमध्ये हेच पिस्तूल झाडून बघायचं, त्या टेस्ट फायरच्या खुणांवर कुणीही शंका घेईल. एकदा मोजून सोडायचं नाही, परत परत मोजायचं, प्रत्येक रीडिंग वर्कशीटवर उतरवायचं आणि कॅलिपरच्या कॅलिब्रेशनची नोंद सोबत हवी. तुझ्या केसमध्ये १०२ आहे आणि रेषा १०५ वर आहे म्हणून निभावलं, पण उद्या १०४.८ आलं तर मोजण्यातली अनिश्चितता किती हा प्रश्न वकील पहिल्यांदा विचारणार, आणि तो त्याने विचारलाच पाहिजे, कारण त्या पाव मिलिमीटरवर शस्त्राचा वर्ग ठरतो आणि त्या वर्गावर समोरच्या माणसाचं पुढचं सगळं ठरतं.

आता पुंगळ्या. पिस्तूल झाडलं की काडतुसाचा बुडखा मोठ्या दाबाने मागे ब्रीच फेसवर आदळतो आणि त्या लोखंडावरच्या कानशीच्या, मशीनच्या बारीक रेघा पितळेवर शिक्क्यासारख्या उमटतात. शिवाय फायरिंग पिनचा खड्डा, पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा नखाएवढा ओरखडा, ती बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरचा टोला, चेंबरच्या भिंतीच्या रेघा. यात आधी वर्ग वेगळा काढायचा, कायद्यातला नव्हे, तर एका बनावटीच्या सगळ्या पिस्तुलांत सारखी असतात ती लक्षणं. समज, पिनचा खड्डा लंबगोल आहे आणि भोवती चौकोनी खिडकीचा ठसा आहे, तर ते ग्लॉकचं लक्षण, पण असे ग्लॉक जगात किती आहेत! तो वर्ग झाला, ते एक विशिष्ट पिस्तूल नाही झालं. मधली पायरी जास्त फसवी असते, तिला सबक्लास म्हणतात, एकाच हत्याराने लागोपाठ कापलेल्या भागांवर सारख्याच रेघा येऊ शकतात, आणि कच्चा एक्झामिनर त्यालाच जुळणी समजून बसतो. म्हणून ज्या रेघा जुळल्या त्या कुठून आल्या, कापताना आल्या का वापरात घासून आल्या, हे ब्रीच फेस स्वतः भिंगाखाली बघून ठरवायचं. नुसत्या पुंगळ्या पुंगळ्यांशी लावून भागत नाही.

मायक्रोस्कोपखाली डाव्या स्टेजवर पार्किंगमधली पुंगळी, उजव्यावर टेस्ट फायरची, पण त्याआधी टेस्ट फायरच्या दोन पुंगळ्या एकमेकींशी लावून बघ, की हे पिस्तूल आपली खूण दरवेळी सारखी देतं का. तिथेच खूण हलत असेल तर पुढे जायचं कशावर? प्रकाश दोन्हीकडे एकाच तिरक्या कोनातून हवा, नाहीतर उजवीकडे दिसणारी दरी डावीकडे डोंगर दिसते. मधली बारीक रेष सरकवत जायची आणि रेघा या बाजूने त्या बाजूला अखंड जातात का ते बघायचं. आणि मुख्य म्हणजे जे जुळत नाही तेही टिपायचं. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलो, न जुळणाऱ्या जागांचेही फोटो काढा.

१०० टक्के लिहू नकोस. जगभर जी पद्धत चालते तिच्यात निष्कर्ष असे असतात, जुळणी, नाकारणी, अनिर्णित, आणि तुलनेला अयोग्य. टक्केवारीला मागे आकडा लागतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये या विषयावर कडक अहवाल दिला, त्यात त्यांना नीट आखलेला अभ्यास एकच सापडला आणि त्यावरून चुकीच्या जुळणीचं प्रमाण त्यांनी ६६ मध्ये १ असं काढलं, वरची मर्यादा ४६ मध्ये १. आमच्या क्षेत्रातले बरेच जण त्यावर चिडले, मला मात्र तो अहवाल उपयोगाचा वाटतो, कारण ज्याला आपल्या पद्धतीची चूक किती ते सांगता येत नाही त्याने खात्रीची भाषा करू नये असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

देवळाली_ते_मिसिसागा

काकांनी बेंचचं एकदम डिटेलमध्ये सांगितलंय. मी मूळचा देवळाली कॅम्पचा, तोफखान्याचे आवाज ऐकतच मोठा झालो, आता बरीच वर्षं ओंटारिओत आहे आणि माझ्याकडे इथलं पीएएल म्हणजे बंदुकीचं लायसन आहे, हरणाच्या सीझनला मित्रांसोबत जातो. कोर्स करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, पहिल्यांदा अर्ज करताना किमान २८ दिवस थांबावं लागतं, आणि काडतुसं विकत घ्यायलासुद्धा दुकानात लायसन दाखवावं लागतं.

मधुरा, तुझे तीन आकडे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत म्हणून तुझा गोंधळ होतोय. पहिला प्रश्न, वस्तू "फायरआर्म" आहे का? क्रिमिनल कोडच्या कलम २ मध्ये व्याख्या अशी की नळी असलेलं शस्त्र, ज्यातून गोळी किंवा काहीही फेकलं जातं आणि त्याने माणसाला गंभीर इजा किंवा मृत्यू होऊ शकतो. आता एअरगनने गंभीर इजा होते का, तर डोळा फुटू शकतो. इथल्या तज्ज्ञांनी डुकराच्या डोळ्यावर चाचण्या केल्या, डन नावाच्या केसमध्ये तो पुरावा आला आणि तिथून तो २१४ फुटांचा आकडा आलाय, म्हणजे सेकंदाला इतक्या वेगाच्या वर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते असा. त्या केसमध्ये मुद्दा असा होता की एअरगन फायरआर्म ठरायला ती आधी "वेपन" पण ठरायला हवी का, म्हणजे वापरणाऱ्याचा इरादा बघायचा का, आणि २०१४ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गरज नाही, नळी आहे, फेकते, गंभीर इजा करू शकते, बस.

दुसरा प्रश्न, लायसन लागतं का? तिथे कलम ८४(३) येतं. सेकंदाला १५२.४ मीटर म्हणजे ५०० फूट, आणि ५.७ ज्यूल. आरसीएमपी म्हणजे इथलं केंद्रीय पोलीस दल सांगतं की दोन्ही ओलांडलं तरच लायसनच्या कक्षेत, एकच ओलांडलं तर नाही. तुझी एअरगन ४२० फूट म्हणजे १२८ मीटर, छर्रा अर्ध्या ग्रॅमचा धरला तर साधारण ४.१ ज्यूल, म्हणजे दोन्हीच्या खाली. ती फायरआर्म आहे पण नुसती जवळ बाळगली म्हणून विनापरवान्याचा गुन्हा होत नाही. मात्र तीच कुणावर रोखली, निष्काळजीपणे हाताळली, तर कलम ८६, ८७ ला ही सूट लागू नाही, तिथे ती पूर्ण फायरआर्म म्हणूनच मोजली जाते. म्हणून रिपोर्टमध्ये वेग, छर्र्याचं वजन, ऊर्जा तिन्ही लिही, कुठला छर्रा वापरला ते पण लिही, हलका छर्रा घेतला की वेग वाढतो.

पिस्तुलाचं सरळ आहे. हँडगनची नळी १०५ मिमी किंवा त्याहून कमी असेल तर प्रोहिबिटेड म्हणजे मनाई असलेल्या वर्गात, जास्त असेल तर साधारणपणे रिस्ट्रिक्टेड म्हणजे निर्बंध असलेल्या वर्गात. बाजारातली कितीतरी पिस्तुलं चार इंची म्हणजे १०१.६ मिमी असतात, ग्लॉक १९ ची नळी १०२ मिमीची, म्हणून कंपनीने कॅनडासाठी खास १०६ मिमीची काढली होती. तुझं १०२ आहे, प्रोहिबिटेड. तसंही २१ ऑक्टोबर २०२२ पासून इथे हँडगनची खरेदी-विक्री आणि हस्तांतर जवळजवळ बंदच आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये सी-२१ बिलाने ते कायद्यातच बसवलंय, काही अपवाद आहेत पण ते तुझ्या केसला लागत नाहीत.

अजून एक, तुझ्या केसमध्ये मॅगझिनची क्षमता दिलीये का? हँडगनच्या मॅगझिनला इथे १० ची मर्यादा आहे. त्याहून जास्त मावत असेल तर ते मॅगझिन स्वतःच प्रोहिबिटेड डिव्हाइस, वेगळा आरोप. सापडलं तेव्हा त्यात किती होती आणि त्यात मावतात किती, या दोन वेगळ्या नोंदी कर.

मधुरा_गंगापूररोड

बाप रे, दोघांनाही मनापासून थँक्यू, एअरगनचं आत्ता पहिल्यांदा डोक्यात शिरलं. मॅडमच्या कागदावर मॅगझिन "१५ क्षमतेचं, आत ७" असं लिहिलंय, मी ते वाचून सोडूनच दिलं होतं. दादा, मग हा रिपोर्ट कोर्टात आपोआप चालतो का एक्झामिनरला जावं लागतं? आणि आपल्याकडे हीच केस पंचवटीत घडली असती तर काय वेगळं झालं असतं हा मॅडमचा शेवटचा प्रश्न आहे, पाच मार्कांचा.

ॲड_सीबीएस

दुसऱ्या भागाचं मी सांगतो, जिल्हा कोर्टात फौजदारी प्रॅक्टिस आहे माझी, कट्ट्याच्या केसेस नेहमीच्या.

आधी कॅनडाचं थोडक्यात. क्रिमिनल कोडचं कलम ११७.१३, ॲनालिस्टचं सर्टिफिकेट पुरावा म्हणून चालतं, पण समोरच्या बाजूला आधी पुरेशी नोटीस आणि प्रत द्यावी लागते, आणि कोर्टाच्या परवानगीने बचाव पक्ष ॲनालिस्टला उलटतपासाला बोलावू शकतो. पुंगळ्यांच्या जुळणीचं मत मात्र मताचा पुरावा आहे, तिथे १९९४ च्या मोहन केसच्या कसोट्या लागतात, मत संबंधित हवं, गरजेचं हवं, दुसऱ्या कुठल्या नियमाने वर्ज्य नको आणि देणारा पात्र हवा. २०१५ च्या व्हाइट बर्जेस केसने त्यात तज्ज्ञाचा निःपक्षपातीपणा ठळक केला. आपल्याकडे तज्ज्ञाचं मत आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली, पूर्वीचं ४५, आणि सरकारी शास्त्रीय तज्ज्ञाचा रिपोर्ट बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, पूर्वीची सीआरपीसी) ३२९ खाली साक्षीशिवाय वाचता येतो, पूर्वीचं २९३.

आता पंचवटीत घडलं असतं तर. एअरगन सुटली असती, कारण २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे .१७७ पर्यंतचा बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असेल तर लायसन लागत नाही. फरक बघा केवढा आहे, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटरने गेला तर १० ज्यूल होतात, ती एअरगन नाशिकमध्ये विनापरवाना चालते आणि तीच कॅनडात लायसनशिवाय बाळगली तर गुन्हा. पिस्तुलाच्या बाबतीत आपला कायदा नळीचे मिलिमीटर विचारत नाही, तो बोअर विचारतो आणि ऑटोमॅटिक आहे का ते विचारतो. ९ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, सामान्य माणसाला मिळतं ते .३२, कानपूरच्या फॅक्टरीचं रिव्हॉल्व्हर. आणि कॅनडात .३२ ची हँडगन नुसत्या कॅलिबरवरूनच प्रोहिबिटेड आहे, नळी कितीही लांब असो. हे लिहा, मॅडमना आवडेल.

पण खरा फरक मला विचाराल तर वस्तूचा आहे. आपल्याकडे पुढ्यात येतो तो बहुतेकदा गावठी कट्टा, पाइप कापून केलेला, आत रायफलिंग म्हणजे पिळदार खाचा नाहीत, त्यामुळे गोळीवर त्या खाचांचे ठसे, लँड-ग्रूव्ह, उमटायचा प्रश्नच नाही आणि सगळा भार पुंगळीवर येतो. आणि पुंगळीच जर पंचनाम्यात "काही रिकामी काडतुसे" अशी मोघम लिहिली, सगळा मुद्देमाल एकाच पाकिटात घालून सील केला, पाकीट पोलीस स्टेशनात पडून राहिलं आणि सीए म्हणजे केमिकल ॲनालायझरचा रिपोर्ट आला तेव्हा लेबलवरचं वर्णन आणि रिपोर्टमधलं वर्णन जुळत नसेल, तर काकांसारख्या माणसाने मायक्रोस्कोपखाली कितीही मेहनत केली तरी ती वाया जाते. मी बचावाकडून उभा राहतो, मला त्याचा फायदा होतो हे खरंय, पण गोळी लागलेल्या पोराची आई कोर्टाच्या पॅसेजमध्ये बसलेली असते तेव्हा वाटतं की निदान पाकिटं तरी वेगळी करा. १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसच्या १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायची आणि चित्रीकरणाची तरतूद आलीये, टप्प्याटप्प्याने लागू करायची असली तरी, त्यामुळे सुधारेल अशी आशा आहे. आणि आर्म्स ॲक्टच्या कलम ३ च्या उल्लंघनाचा खटला चालवायचा तर कलम ३९ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, ती फाइलीत आहे का ते मी सगळ्यात आधी बघतो.

देवळाली_ते_मिसिसागा

वकीलसाहेबांनी .३२ चं सांगितलं ते वाचून चाट पडलो, इतकी वर्षं इथे राहून हे असं शेजारी ठेवून बघितलंच नव्हतं.

पुंगळ्यांसाठी एक भर घालतो. इथे सगळ्या लॅब्स एका नेटवर्कला जोडलेल्या आहेत, सीबिन म्हणतात, त्यात आयबीस नावाची सिस्टिम चालते आणि ती मूळ माँट्रियलच्याच कंपनीची, अमेरिकेतलं नेटवर्कसुद्धा त्याच सिस्टिमवर चालतं. पुंगळीचे फोटो आत गेले की ती जुन्या केसेसमधल्या सारख्या दिसणाऱ्या पुंगळ्यांची क्रमवार यादी देते. पण यादी म्हणजे निष्कर्ष नाही, वरचा नंबर आला तरी माणसाने मूळ वस्तू मागवून मायक्रोस्कोपखाली बघायचीच असते.

मधुरा, पुढे इकडे शिकायला यायचा विचार असेल तर एक गोष्ट घरच्यांना आत्ताच सांगून ठेव. आपल्याकडे मुलगी बाहेरगावी निघाली की बॅगेत पेपर स्प्रे टाकतात, माणसांवर वापरायचा पेपर स्प्रे कॅनडात प्रोहिबिटेड वेपन आहे, एअरपोर्टवरच अडकशील. आणि लहान भावाने दिलेलं हुबेहूब पिस्तुलासारखं दिसणारं काही आणू नकोस, रेप्लिका पण प्रोहिबिटेड डिव्हाइस आहे.

मधुरा_गंगापूररोड

पेपर स्प्रेचं आईला वाचून दाखवलं, तिने खरंच घेऊन ठेवला होता. काका, शेवटचं विचारते, टेस्ट फायरला काडतुसं कुठली वापरायची? मॅगझिनमधली सातच आहेत, ती झाडली तर पुरावा संपतो ना?

बेंचवाले_काका

सगळी झाडायची नाहीत. पण एकही झाडायची नाही असंही नाही, कारण दोन वेगळ्या गोष्टी सिद्ध करायच्यात. कॅनडाच्या कलम ९५ मध्ये शस्त्र लोड केलेलं किंवा त्यातून उडू शकणारं काडतूस हाताशी असणं हाच गुन्ह्याचा भाग आहे, म्हणजे ती सात खरंच जिवंत आहेत का हे दाखवावं लागेल. आधी सातही वेगवेगळी नंबर देऊन बुडख्याचे शिक्के, पितळ का निकेल, गोळीचा प्रकार, वजन आणि फोटो नोंदवून घे. मग त्यातली दोन टेस्ट फायरला घे, बाकी पाच बचावाच्या तज्ज्ञाला तपासता यावीत म्हणून तशीच सील करून ठेव. पार्किंगमधल्या पुंगळ्या त्याच मेकच्या असतील तर तुलनेला हीच दोन सगळ्यात चांगली, कारण प्रायमरचं पितळ मऊ-कडक असेल त्याप्रमाणे ब्रीच फेसचा ठसा कमी-जास्त उमटतो. मेक वेगळा असेल तर त्या मेकची लॅबच्या स्टॉकमधली घे, आणि स्टॉकमधली कुठली, किती, ते लिही. फायर पाण्याच्या टाकीत, म्हणजे गोळ्या पण न बिघडता हाती येतात, उद्या पार्किंगच्या भिंतीतून गोळी निघाली तर परत पिस्तूल काढायला नको. आणि प्रत्येक टेस्ट पुंगळीवर लगेच नंबर टाक, कडेच्या भिंतीवर, बुडख्यावर नाही.

रिपोर्टमध्ये वाक्य असं येऊ दे की "वर्गाची लक्षणं सारखी आहेत आणि ब्रीच फेसच्या वैयक्तिक खुणांमध्ये पुरेशी जुळणी दिसली, माझ्या मते पुंगळी क्र. १ व २ या पिस्तूल क्र. अ मधून झाडल्या आहेत", खाली फोटो, खाली न जुळलेल्या जागांची नोंद, आणि दुसऱ्या एक्झामिनरने स्वतंत्र तपासल्याची सही. कोणी झाडल्या याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, ते आपलं काम नाही. ड्राफ्ट झाला की इथे टाक, मी वाचून देतो.